चाळीसवर चाललेली गाडी

दाजी,

तुमची गाडी अजून दारातच उभी आहे. परवा तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजी गेले, आमच्या गावाहून, ईटहून आलेले पाहुणे गेले, मांडववाल्यानं खुर्च्या टेम्पोत टाकल्या, आणि अंगणात मी आणि ती गाडी असे दोघंच राहिलो. तुम्ही गेल्यापासून कालपर्यंत मी तिच्याकडं पाठ करून बसत होतो. काचेवर धुळीचा थर आलाय. तुम्ही असता तर एव्हाना ओलं फडकं घेऊन तिच्याभोवती तीन चकरा झाल्या असत्या.

कार्यक्रमात लोक तुमच्याबद्दल खूप चांगलं बोलले. बँकेतले साहेब बोलले. जळकोटचे चार खातेदार मुद्दाम आले होते. मलाही उभं केलं. ‘दाजी म्हणजे शांत माणूस’ एवढं म्हणालो आणि बसलो. खरं म्हणजे मला तुमच्याशी भांडायचं होतं, आणि ते चारचौघांत माइकवरून करता येत नाही. म्हणून हे लिहितोय.

आपलं भांडण ॲव्हरेजचं. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसेल. थोरल्या बहिणीचा नवरा आणि त्याचा मेहुणा, दोघं नोकरदार, पोराबाळांचे बाप, आणि तीन वर्षं कशावरून भांडले, तर गाडी लिटरला किती देते यावरून.

तुम्ही जळकोटच्या बँकेत कॅशियर, मी तिथल्या शाळेत गणिताचा मास्तर. घरं दोघांची तुळजापुरात. सकाळी तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट. संध्याकाळी तेच उलटं. आधी एसटीनं अप-डाउन केलं, मग काळी-पिवळीत कोंबून घेतलं, मग तुमच्या फटफटीवर. आणि तीन वर्षांपूर्वी तुम्ही ती हायब्रिड घेतली, तेव्हा सगळ्या अप-डाउनवाल्यांत नाक मुरडलं ते मीच. पेट्रोलचं इंजिन आहे, शिवाय बॅटरीवरची मोटर आहे. हळू चाललं की मोटर ओढते, जोर लागला की इंजिन जागं होतं, ब्रेक दाबला की बॅटरी आपली आपण भरते, हे सगळं तुम्ही मला किती कौतुकानं सांगत होता.

“दोन-दोन यंत्रं म्हंजी बिघडायला बी दोन-दोन जागा,” मी म्हणालो.

“मग मानसाला दोन डोळे कशाला दिल्यात, पाव्हणं?” तुम्ही म्हणालात.

कंपनीच्या कागदावर अठ्ठावीसच्या आसपासचा आकडा होता. पहिल्या टाकीला आपल्याला बावीस पडला. त्या दिवशी जळकोटपासून घरापर्यंत मी हसत आलो. ‘सहा किलोमीटर कुठं सांडले, दाजी?’ म्हणून तुम्हाला पिडलं. तुम्ही रागावला नाहीत. “गाडी बरुबर हाय. आपल्याला चालवाय येईना अजून,” एवढंच म्हणालात. तिथून ते सुरू झालं. एक टाकी तुमची, एक टाकी माझी. तुमच्या टाकीला मी स्टेअरिंगला हात लावायचा नाही, माझ्या टाकीला तुम्ही नाही. टाकी संपेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, ज्याची टाकी त्याचं राज्य.

मोजायची रीतही तुमचीच. समोरच्या पडद्यावर गाडी स्वतःचं ॲव्हरेज दाखवायची, पण त्यावर तुमचा विश्वास नव्हता. ती स्वतःचं कौतुक जरा वाढवून सांगते हे तुम्ही महिन्याभरात ताडलं. म्हणून टाकी ते टाकी. तोच पंप, तेच मशीन, गाडीचं तोंड त्याच बाजूला, कारण पंपाचं आवार रस्त्याकडं उतरतं आणि उतारावर टाकीत पेट्रोल कमी-जास्त बसतं. नळीनं पहिला ‘टक्’ केला की बस. पंपावरचा माणूस आकडा गोल करायला आणखी थेंब सोडायला लागला की तुम्ही, जन्मात कुणावर आवाज न चढवलेला माणूस, “राहू द्या, राहू द्या!” म्हणून ओरडत गाडीतून उतरायचात.

आणि तुमच्या टाकीतला प्रवास म्हणजे मला शिक्षा. चपला काढून बाजूला ठेवायच्या आणि अनवाणी पायानं ॲक्सिलरेटर दाबायचा, का तर पायाला कळलं पाहिजे. एसी बंद. काचाही बंद, कारण उघड्या काचांतून वारा शिरला की गाडी मागं ओढली जाते. काटा साठच्या वर नाही. स्पीडब्रेकर नुसता दिसला तरी लांबूनच पाय उचलायचा, म्हणजे गाडी आपल्या आपण हळू होत जाते आणि बॅटरी भरते. इंजिन बंद होऊन गाडी नुसत्या मोटरवर आली की पडद्यावर एक हिरवं चिन्ह लागायचं. ते लागलं की तुम्ही बोट वर करायचात आणि मी तोंडातलं वाक्य तोंडातच ठेवायचं, जसं काही माझ्या बोलण्यालाच पेट्रोल लागणार आहे. आकडा चांगला पडत असला की तुम्ही स्वतःही बोलायचा नाहीत. घामानं निथळत, गप्प, दोन्ही हात स्टेअरिंगवर.

सकाळी थंड इंजिन पहिले दोन-तीन किलोमीटर पेट्रोल ढोसतं, हे कळल्यापासून तुम्ही गाडी गावात नेणं बंद केलं. अक्का दारात गाडी असून पिशवी घेऊन भाजीला पायी निघायची आणि जाताना बॉनेटवर एक चापट मारायची. “बस बाई तू आरामात,” असं गाडीला म्हणायची. तुम्ही खिडकीतून ऐकून गालात हसायचात.

माझ्या टाकीला वीस, फार तर एकवीस. तुमच्या टाकीला चोवीस, पंचवीस. नवरात्रात चालत येणाऱ्या लोकांच्या मागून तुम्ही रोज मुंगीच्या पावलानं गाडी आणलीत, अर्धा रस्ता नुसत्या मोटरवर, आणि सव्वीस पाडला. त्या दिवशी तुम्ही माझ्या घरी पेढे घेऊन आलात. मी पेढा खाल्ला आणि आकडा मानला नाही. ‘ही गर्दीची करामत, तुमची न्हाय,’ म्हणालो.

“गर्दी बी आपल्याच रस्त्याची हाय की,” तुम्ही म्हणालात.

“दाजी, हायवेला शंभरनं काढली की ही आन् साधी गाडी सारखीच.”

“शंभरनं काढा म्हणून कुणी सांगितलंय?”

“मानसाला घाई असती.”

“मानूस घाईत हाय म्हणून गाडी खोटी ठरत न्हाय.”

आपलं सगळं भांडण या दोन वाक्यांत होतं. मी म्हणायचो, खरं ॲव्हरेज ते, जे साध्या माणसाला साध्या दिवशी पडतं. त्याला उशीर झालेला असतो, त्याला उकडत असतं, त्याच्या पुढं उसाची ट्रॉली असते. तुम्ही म्हणायचात, गाडी जेवढं देऊ शकते तेवढं खरं, बाकीचं आपण आपल्या हातानं घालवलेलं. तीन वर्षं आपण इथंच अडकून होतो. माझंच बरोबर आहे असं मला आजही वाटतं. पण बरोबर असून काय करू, समोर कुणी नाही.

एकदा मी लबाडी केली होती. माझी टाकी होती, तुम्ही गाडीत बसून होता, आणि मी पंपावरच्या माणसाला नळीचा ‘टक्’ व्हायच्या आधीच थांबवलं. पेट्रोल कमी बसलं, माझा आकडा एकदम पंचवीस. घरी येऊन मी अक्कासमोर काय मिरवलो! पुढची टाकी तुमची, माझं राहिलेलं पेट्रोल तुमच्या नावावर चढलं आणि तुम्हाला एकोणीस पडला. अक्कानं चेष्टा केली तर तुम्ही म्हणालात, “चाकात हवा कमी हुती.” महिनाभरानं नळदुर्गच्या अलीकडं, हिरवं चिन्ह लागलेलं असताना, तुम्ही स्वतःच बोललात.

“पाव्हणं, तुमच्या त्या पंचवीसला नळीचा आवाज आला न्हवता.”

म्हणजे तुम्हाला पंपावरच कळलं होतं. तरी महिनाभर गप्प राहिलात, स्वतःच्या एकोणीसचं खापर चाकातल्या हवेवर फोडलंत, का तर बायकोसमोर मेहुण्याचं तोंड खाली होऊ नये. त्या वेळी मला तुमचा हा गुण फार आवडला होता.

तुम्ही आधीपासून असेच. बारावीला गणितात उडालो तेव्हा आमच्या वडिलांनी माझं शिक्षण तिथंच संपवायचं ठरवलं होतं. तुम्ही ईटला येऊन त्यांच्याशी काय बोललात कुणास ठाऊक, दुसऱ्या दिवशी मला घेऊन तुळजापूरला आलात. तुमचं लग्न होऊन चार-पाच वर्षंच झाली होती, दोन खोल्यांचं घर, त्यातली एक मला दिलीत. बँकेतून आल्यावर हातपाय धुऊन माझ्यासमोर बसायचात. गणित चुकलं तर चूक दाखवायचा नाहीत. “परत एकदा बघ,” म्हणायचात आणि ती मला सापडेपर्यंत थांबायचात. अक्का जेवायला हाका मारून थकायची. मी मास्तर झालो त्या दिवसापासून तुम्ही मला पाव्हणं म्हणायला लागलात आणि अहो-जाहो करायला लागलात. मी आज पोरांना गणित शिकवतो आणि दोन मिनिटांत उत्तर आलं नाही की खेकसतो. तुम्ही इतकं शिकवलंत, पण थांबायला काही मी शिकलो नाही.

आता त्या दिवसाचं बोलतो.

मार्चचा पहिला आठवडा. उन्हं तापायला लागली होती. टाकी तुमची, संपायला दोन दिवस राहिलेले, आणि पडद्यावर सत्तावीसच्या वर आकडा. गाडीचं आत्मकौतुक वजा केलं तरी तुमचा विक्रम होणार हे दिसत होतं. मी सकाळपासून आतल्या आत जळत होतो, हेही सांगून टाकतो.

साडेपाचला बँकेसमोरून निघालो. जळकोट सोडलं तेव्हा तुम्ही पन्नासवर होता. मग चाळीसवर आलात. ट्रक मागून हॉर्न मारत पुढं निघून जात होते. तुमच्या कपाळावर, मानेवर घाम होता. तो रोजच असायचा. तुम्ही बोलत नव्हता. आकडा चांगला असला की कधीच बोलायचा नाहीत. गाडी हळू होती. ती तर असणारच. दाजी, मी गणिताचा मास्तर. माझ्यासमोर तीन खुणा होत्या आणि तिन्हींचं उत्तर मी ॲव्हरेज असं काढलं.

नळदुर्गात तुम्ही गाडी आणखी हळू केलीत. रस्त्याच्या कडेला हॉटेल होतं.

“चा घिऊ का, पाव्हणं?”

तीन वर्षांत तुमच्या टाकीला तुम्ही एकदाही वाटेत गाडी थांबवली नव्हती. मी चहा मागायचो आणि तुम्ही ‘इंजिन गार हुतंय’ म्हणून टाळायचात. त्या दिवशी तुम्ही स्वतःहून चहा म्हणालात आणि मला काहीसुद्धा वाटलं नाही. साडेसहाला माझ्याकडं कूलरवाला येणार होता. उन्हाळ्याच्या आधी मोटर बदलून घ्यायची होती. डोक्यात तेवढंच.

“चा न्हाय आन् काय न्हाय. कूलरवाला येऊन परत जाईल. त्यो आकडा काय वर घिऊन जायचाय का, दाजी? दाबा की जरा!”

तुम्ही हसलात. “बरं,” म्हणालात. आणि दाबलंत. माझ्यासाठी गाडी साठवर नेलीत. त्या नळदुर्गात दवाखाना होता. तो आपण मागं टाकला.

सात-आठ किलोमीटर गेल्यावर तुम्ही गाडी बाजूला घेतलीत आणि दोन्ही हात स्टेअरिंगवरून खाली सोडले. “तुमी घ्या,” म्हणालात. तुमच्या टाकीला, मी स्टेअरिंगवर! मला वाटलं माझं बोलणं लागलं, रुसलात. तेव्हाही मी काय म्हणालो, तर “मग टाकी बाद हां.” अनवाणीच उतरलात, मागचं दार उघडलंत आणि सीटवर आडवे झालात. तुमचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला.

गाडी वळवली. किती वेगानं नेली मला माहीत नाही. तुम्ही मागून एकदाच बोललात. “हळू,” म्हणालात. ते कशासाठी होतं? आकड्यासाठी, दुखत होतं म्हणून, की मी कुठं धडकेन म्हणून? रोज वेगळं उत्तर येतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा तुम्ही बोलण्यापलीकडं गेला होता, आणि अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. मी त्यांना विचारलं, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खुर्चीकडं बोट केलं. खिशातून फोन काढला तर कूलरवाल्याचा निरोप होता. पाचच्या आधीचा. ‘आज जमत नाही, उद्या येतो.’

घरी मी सगळ्यांना सांगितलं की काही त्रास झाला नाही, हसत-बोलत होते, अचानक झालं. अक्कालाही तेच सांगितलं. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, हाल झाले नाहीत. मी मान हलवत राहिलो. मला भीती एकाच गोष्टीची होती. खरं कळलं तर अक्का माझं तोंड बघणार नाही. ती मला बघणार नाही म्हटल्यावर मला थोरलं असं उरलं कोण?

काल सकाळी ती बाहेर आली. पांढरं पातळ, हातात गाडीची किल्ली.

“किती दिस हुबी ठिवणार हाईस? लई दिस हुबी ऱ्हायली की बॅटरी जाती, म्हनायचे.”

मी ड्रायव्हरच्या जागी बसलो. अक्का शेजारी, माझ्या रोजच्या जागी बसली. तीन वर्षांत ती कधी पुढं बसली नव्हती. मी बटण दाबलं. आवाज काही आला नाही, ही गाडी सुरू होताना गप्पच असते. अक्काला वाटलं बंद पडली. तिला पडद्यावरचं हिरवं चिन्ह दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि काढलं.

“शेवटला काय काय बोलले रे?”

उत्तर माझ्याकडं तयार होतं. गेले कित्येक दिवस तेच तर देत होतो. पण त्या सीटवर बसून ते तोंडातून निघेना. मग सगळं सांगितलं. चाळीसचा वेग, घाम, चहा, कूलरवाला. ‘वर घिऊन जायचाय का’ हेसुद्धा सांगितलं, जसंच्या तसं. सांगताना मी समोरच्या धुळकट काचेकडं बघत होतो. वाटत होतं, आता ती दार उघडून उतरेल आणि भावा-बहिणीचं नातं इथंच संपेल.

ती उतरली नाही. मधेच बॅटरी भरायला इंजिन आपोआप सुरू झालं तेव्हा दचकली फक्त.

“त्या दिशी सकाळी हात दुखतोय म्हनले हुते,” ती म्हणाली. “डावा. म्या म्हनलं, तासन्‌तास त्या स्टेअरिंगला धरून बसताव, दुखल न्हाय तर काय हुईल? म्या बाम चोळला आन् डबा दिला. म्या दिला डबा.”

“अक्का, तुला कसं कळणार?”

“तुला तरी कसं कळणार?”

मग तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांत ती अशी रडली नव्हती. पण रडण्यात रागच जास्त होता, आणि तो माझ्यावर नव्हता. समोरच्या डॅशबोर्डवर तिनं हात आपटला, दोनदा.

“मला हात सांगितला. तुला चा सांगितला. छातीचं कुणालाच न्हाय सांगितलं बघ या मानसानं.”

दाजी, तुमच्यावर रागवायचा मला काय हक्क आहे? पण मी रागावलोय. तुम्हाला वाटलं, पाव्हण्याला घाई आहे, कशाला अडवा. होती घाई. मी चिडचिड केली असती, कूलरवाल्याच्या नावानं तुम्हाला दोन शब्द सुनावलेही असते. पण थांबलो असतो. तुम्ही नुसतं ‘दुखतंय’ म्हणाला असतात, दाजी, तर मी थांबलो असतो.